डोंगरी मैना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षी बघायला सोबत येणारी बहुतेक मंडळी डोंगरी मैनेबद्दल एकच गोष्ट ऐकून आलेली असतात, की ती माणसासारखं बोलते. जंगलात पहिल्यांदा तिचा आवाज कानावर पडला की ती जरा हिरमुसतात, कारण ती बोलत नसते. शिट्टी मारते, किंचाळते, घशात पाणी खळखळावं तसा आवाज काढते. मग प्रश्नांना सुरुवात होते. तेच ते प्रश्न गेली कित्येक वर्षं ऐकतोय, म्हणून एकदा सगळ्यांची उत्तरं लिहून काढली.

डोंगरी मैना म्हणजे आपली साळुंकीच ना?

नाही. दोघी एकाच कुळातल्या आहेत, पण त्यांचा संसार पार वेगळा. साळुंकी तपकिरी असते, माणसाच्या पायाशी वावरते, हॉटेलाच्या टेबलाखालचे तुकडे वेचते आणि पोलिसाच्या ऐटीत चालते. डोंगरी मैना तुकतुकीत काळी. तिला घनदाट जंगल लागतं आणि माणसाचं तिला काही देणंघेणं नाही.

फरक नेमका पाहायचा असेल तर पायांकडे बघा. साळुंकी एकापुढे एक पाऊल टाकत चालते. डोंगरी मैना चालत नाहीच. फांदीवरून सरकायचं असलं की दोन्ही पाय एकदम उचलून आडव्या उड्या मारत जाते, अरुंद बाकड्यावर कुणी कडेकडेने सरकावं तशी. साळुंकीचं पोट जमिनीवर भरतं, म्हणून तिला चाल लागते. डोंगरी मैनेचं सगळं आयुष्य फांदीवर जातं, तिथे चालून करायचं काय?

आकारातही फरक आहे. साळुंकी २५ सेंटीमीटरच्या आतबाहेर असते. हिमालयाच्या पायथ्याची आणि ईशान्येकडची डोंगरी मैना साधारण २९ सेंटीमीटर भरते, आणि अंगानेही चांगली भरदार असते. दक्षिण भारतातली जरा लहानखुरी.

मग दोघींनाही मैना का म्हणतात?

लोकांनी म्हटलं म्हणून. पक्ष्यांची नावं शास्त्रज्ञांच्या आधी गावाने ठेवलेली असतात. संस्कृतात 'सारिका' हा शब्द आहे. चौसष्ट कलांच्या यादीत 'शुकसारिकाप्रलापन', म्हणजे पोपटाला आणि मैनेला बोलायला शिकवणं, ही एक स्वतंत्र कला म्हणून येते. पाळून बोलकी करायची हौस किती जुनी आहे ते यावरून कळावं.

गंमत अशी, की नाव एक असलं तरी नातं तितकं जवळचं नाही. जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की डोंगरी मैनेचा गट साळुंकीपेक्षा पॅसिफिकच्या बेटांवर आणि आग्नेय आशियात राहणाऱ्या ॲप्लोनिस गटातल्या पक्ष्यांना अधिक जवळचा आहे. 'मैना' ही एकच एक शाखा नाहीच. आणि हो, राघू-मैना ही जोडी गाण्यात शोभते, पण राघू म्हणजे पोपट. त्या दोघांचं लग्न फक्त कवींनी लावलेलं आहे.

ओळखायची कशी?

लांबून काळा पक्षी, नारिंगी चोच, पिवळे पाय. उडाली की पंखांवर पांढरा पट्टा लख्ख दिसतो. बसलेली असताना तो बराचसा झाकलेला असतो. ऊन अंगावर पडलं की काळ्या रंगातून जांभळी आणि हिरवी झाक निघते. ढगाळ दिवशी मात्र नुसती काळी.

पण खरी खूण डोक्यावर आहे. डोळ्याखालून मानेकडे पिवळ्याधमक उघड्या कातडीचे पट्टे जातात आणि मानेमागे त्याच कातडीच्या लोंबत्या पाळ्या असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पक्ष्याने पिवळा रुमाल बांधलाय आणि गाठ मागे सुटलीय. असा दागिना आपल्या जंगलातल्या दुसऱ्या कुठल्याच मैनेला नाही. पिल्लांमध्ये मात्र हे सगळं फिकं असतं. पिसांना तकाकी नसते, चोचीचा रंग मळकट असतो, पाळ्या भरलेल्या नसतात. त्यामुळे एखादी 'आजारी डोंगरी मैना' दिसल्याचं कुणी सांगितलं, तर ते बहुधा त्याच वर्षीचं पिल्लू असतं.

जंगली मैनेशी गोंधळ करू नका. ती करडी असते, चोचीच्या मुळाशी पिसांचा छोटा तुरा असतो, आणि नावात जंगल असलं तरी ती शेतात, गुरांच्या मागेमागे खुशाल फिरते.

दक्षिणेतली डोंगरी मैना वेगळी जात आहे असं ऐकलं. खरं का?

बरेच अभ्यासक आता तसंच मानतात. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, ग्रॅक्युला रिलिजिओसा. हे नाव लिनियसने १७५८ साली दिलं. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली आणि श्रीलंकेतली मैना आता ग्रॅक्युला इंडिका, म्हणजे दक्षिणी डोंगरी मैना, म्हणून वेगळी धरतात.

दुर्बिणीतून फरक कळतो. उत्तरेकडच्या मैनेत डोळ्याखालचा पिवळा पट्टा मानेपर्यंत जाऊन पाळीला मिळतो. दक्षिणेकडच्या मैनेत डोळ्याजवळचा तुकडा वेगळा आणि मानेवरची पाळी वेगळी. शिवाय ती पाळी वर डोक्याच्या दिशेने चिंचोळी होत चढते. चोचही जरा बारीक.

श्रीलंकेत याखेरीज आणखी एक आहे, ग्रॅक्युला टिलोजेनिस. ती फक्त तिथलीच, जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिच्या गालावर पिवळं काही नसतं, फक्त मानेमागे पाळ्यांची जोडी असते. सिंहराजाच्या पावसाळी जंगलात ती दिसते. इंडोनेशियाच्या बेटांवर, म्हणजे नियास, एन्गानो वगैरे, आपापल्या वेगळ्या आहेत.

भारतात कुठे बघायला मिळेल?

तीन तुकडे लक्षात ठेवा. एक, हिमालयाचा पायथा, कुमाऊंपासून पूर्वेकडे आसाम, मेघालय आणि पुढे. दोन, बस्तर, ओडिशा आणि लगतचा पूर्व घाटाचा भाग. तीन, पश्चिम घाटाचा दक्षिण भाग, म्हणजे कूर्ग, वायनाड, नेल्लियमपथी, थट्टेकाड हा पट्टा. अंदमान-निकोबारलाही आहे. भारताबाहेर म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, मलेशिया, इंडोनेशिया ते थेट फिलिपिन्सच्या पालावान बेटापर्यंत तिचा पसारा जातो.

'डोंगरी' म्हणून उंच शिखरावर शोधत बसू नका. तिला डोंगराच्या उतारावरचं, पायथ्याचं दमट जंगल लागतं. सदाहरित, निमसदाहरित किंवा ओलसर पानझडी. पुण्या-मुंबईच्या भोवतालच्या टेकड्यांवर 'डोंगरी मैना पाहिली' म्हणून फोटो येतात, त्यातल्या बहुतेकांत जंगली मैना किंवा भांगपाडी निघते.

ती जमिनीवर उतरते का?

जवळजवळ नाही. उंच झाडाचा शेंडा ही तिची जागा. सकाळी वाळलेल्या, पानं नसलेल्या फांदीवर येऊन ऊन खात बसते. तीच तिला पाहायची सगळ्यात सोपी वेळ.

खाते काय?

मुख्यतः फळं, आणि फळांमध्ये वड, उंबर, नांदरूक या वर्गातली झाडं आधी. त्याशिवाय सावर आणि पांगारा फुलला की मध प्यायला येते आणि कपाळाला परागकण माखून परत जाते. किडे खाते, झाडावरची एखादी छोटी सरडीही सोडत नाही. पिल्लं असताना किड्यांचं प्रमाण वाढतं.

वायनाडमध्ये एका फळलेल्या वडाखाली मी एक सकाळ काढली, ती सांगतो. झाडावर हरियाल होते, कुटुरगे होते, वरच्या फांदीवर धनेशाची जोडी. सात-आठ डोंगरी मैना आल्या त्या आधी कानांनी कळल्या, कारण तिच्या पंखांचा उडताना घूं घूं असा आवाज होतो. उतरल्या त्या थेट फळांच्या घोसाजवळ. एक मैना माझ्या दुर्बिणीत बराच वेळ राहिली. ती फळ तोडायची, चोचीच्या टोकात धरायची, मान किंचित वर करून एकदा फिरवायची आणि गिळायची. कच्चं निघालं की टाकून द्यायची. टाकलेलं फळ खालच्या पानांवरून टपटपत माझ्या शेजारी पडायचं. दहा मिनिटांत तिने किती फळं गिळली ते मी मोजायला घेतलं होतं, पण मध्येच धनेश उडाला, सगळं झाड हललं, आणि हिशेब चुकला.

धनेशापुढे ती माघार घेते, इतरांपुढे नाही. कुटुरग्याला तिने दोनदा हुसकावलेलं त्या सकाळीच पाहिलं.

म्हणजे ती झाडं लावते?

लावते. फळ आख्खं गिळते, गर पचतो आणि बी विष्ठेतून किंवा चोचीतून दुसरीकडे पडतं. वडासारख्या झाडांची बारीक बी मोठ्या झाडाच्या बेचक्यात पडून तिथेच रुजते, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

थव्याने राहते की जोडीने?

जोडीने, किंवा पाच-सहांच्या छोट्या टोळीने. फळलेल्या झाडावर मात्र बरीच गर्दी जमते. त्या गर्दीतही नीट पाहिलंत तर दोघी-दोघी शेजारी बसलेल्या आणि एकदम उडालेल्या दिसतात.

जंगलात ती दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करते का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर ऐकून माणसं चमकतात. नाही करत. पिंजऱ्यात टेलिफोनची घंटी, कुत्र्याचं भुंकणं, आजोबांचा खोकला हुबेहूब काढणारी ही मैना रानात कोकिळेची नक्कल करत नाही, हळद्याची करत नाही, शेजारच्या कोतवालाची करत नाही. कोतवालच उलट नकलांचा बादशहा.

मग तिला नक्कल करायची ताकद मिळाली कशासाठी? ब्रायन बर्ट्रम या ब्रिटिश संशोधकाने आसामात डोंगरी मैनेच्या आवाजाचा बारकाईने अभ्यास केला, तो १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की प्रत्येक मैनेकडे स्वतःच्या अशा काही मोठ्या आवाजाच्या हाका असतात, साधारण ३ ते १३. या हाका जन्मतः ठरलेल्या नसतात, त्या शिकलेल्या असतात. आणि शिकते कुणाकडून? आजूबाजूला राहणाऱ्या मैनांकडून. त्यातही नर नराकडून, मादी मादीकडून. त्यामुळे एकाच ढोलीतल्या नवरा-बायकोच्या हाका वेगवेगळ्या असतात, पण पलीकडच्या टेकडीवरच्या नराशी नराच्या आणि मादीशी मादीच्या जुळतात.

शेजार बदलत जातो तशा हाकाही बदलत जातात. साधारण १५ किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या दोन मैनांमध्ये एकही हाक समान सापडत नाही. बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. बारा कोस म्हणजे चाळीसेक किलोमीटर धरले, तर मैनेची भाषा त्याच्या निम्म्यातच बदलली.

म्हणजे नक्कल ती करतेच, फक्त आपल्याच जातीच्या शेजाऱ्याची.

हाकांखेरीज तिच्याकडे दुसरे आवाज आहेत. दचकली की एक तीक्ष्ण 'चिप्' असा आवाज काढते, तो सगळीकडच्या मैनांत सारखाच असतो. अगदी जवळ बसलेल्या जोडीदाराशी ती 'अं' असा हलका हुंकार देते. हा हुंकार दहा पावलांवरून ऐकू येणार नाही. मला तो एकदाच ऐकू आला, तेही घरट्याजवळ लपणात बसलो असताना. पहिल्यांदा वाटलं मागे कुणी माणूस येऊन उभा राहिलाय.

मग पिंजऱ्यात माणसासारखं कशी बोलते?

वरचं उत्तर वाचलंत तर हे अर्धं सुटलेलंच आहे. पिंजऱ्यातल्या मैना बहुधा घरट्यातून पिल्लू असतानाच काढलेल्या असतात. शिकायच्या वयात तिच्या कानावर शेजारच्या मैनेच्या हाका पडायच्या, त्याऐवजी पडतो घरातला कालवा. जिच्याकडून शिकायचं ती मैनाच नाही, म्हणून समोर जो कोणी सतत आवाज करतो त्यालाच ती शेजारी धरते. तिने तुमचं नाव घेतलं म्हणजे तिला तुमच्याशी गप्पा मारायच्या आहेत असं नव्हे. तिच्या दृष्टीने ती पलीकडच्या झाडाला हाक मारतेय.

पोपट आणि डोंगरी मैना यांच्या बोलण्यात एक फरक कानाला लगेच जाणवतो. पोपटाच्या आवाजात पोपट ऐकू येतो. डोंगरी मैनेच्या आवाजात ज्याच्याकडून शिकली तो माणूस ऐकू येतो, त्याच्या हेलासकट. आमच्या लहानपणी, पक्षी पाळण्यावर बंदी येण्याच्या आधी, ओळखीच्या एका घरात अशी मैना होती. घरातले आजोबा वारले, तरी पुढची काही वर्षं ती पहाटे त्यांच्यासारखी खाकरायची आणि मग 'आलो आलो' म्हणायची. आजी पहिल्या दिवसात पदर डोळ्याला लावायच्या. नंतर त्यांनी पिंजरा मागच्या पडवीत हलवला.

नर चांगला बोलतो की मादी?

दोघंही सारखेच. 'फक्त नरच बोलतो' हे विकणाऱ्यांनी पसरवलेलं आहे, आणि विकणाऱ्यालाही नर-मादी ओळखता येत नसतात.

का ओळखता येत नाहीत?

कारण बाहेरून दोघं सारखी दिसतात. तोच काळा रंग, त्याच पाळ्या, तीच चोच. खात्री हवी तर पिसातून किंवा रक्तातून डीएनए तपासावा लागतो. हे फक्त कुतूहलापुरतं नाही. पुढे बस्तरचा प्रश्न आहे, तिथे हेच नडलं.

जिभेला काही केलं, किंवा मिरची खायला घातली, तर लवकर बोलते म्हणतात?

कृपा करून असलं काही करू नका आणि कुणी करत असेल तर थांबवा. पक्ष्याचा आवाज जिभेत तयार होत नाही. छातीत, श्वासनलिका दोन फुफ्फुसांकडे फुटते त्या जागी त्यांचं स्वरयंत्र असतं. जीभ खरवडून त्या स्वरयंत्राला काय फरक पडणार? पक्षी जखमी होतो, खाणं सोडतो, मरतो.

घरटं कुठे करते?

झाडाच्या ढोलीत, चांगलं उंचावर. ढोली स्वतः कोरत नाही, तेवढी ताकद तिच्या चोचीत नाही. सुतारपक्ष्याने कोरून सोडलेली किंवा फांदी मोडून कुजल्यामुळे आपोआप झालेली ढोली ती घेते. आत गवत, पानं, काड्या, पिसं यांची गादी. अंडी दोन किंवा तीन, निळसर, त्यांवर तांबूस-तपकिरी ठिपके. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सुमारे चार आठवड्यांनी ढोली सोडतात. नर-मादी दोघंही राबतात.

दक्षिणेत विणीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो, उत्तरेकडे त्यानंतर.

ढोलीची गोष्ट वाटते तितकी साधी नाही. ढोली असायला झाड म्हातारं लागतं. पोपट, पिंगळे, धनेश, उडत्या खारी, सगळेच त्या एका भोकाच्या मागे. 'वाळकं झाड आहे, कामाचं नाही' म्हणून पाडलं की मैनेची पुढच्या कित्येक वर्षांची घरं गेली. जंगल हिरवंगार दिसतं, फळंही भरपूर, आणि तरी मैना नाही, असं कुठे आढळलं तर मी आधी म्हातारी झाडं मोजतो.

गारो टेकड्यांमध्ये लोक मैनांसाठी घरटी बांधतात, हे खरं का?

मेघालयातल्या गारो टेकड्यांची ही जुनी पद्धत पक्षी-अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेली आहे. बांबूच्या चिरफाळ्यांचा सांगाडा करायचा, त्यावर गवत लपेटायचं आणि गावाच्या कडेच्या उंच झाडावर हात पोचेल अशा बेताने तो टांगायचा. मैना त्यात अंडी घालते. पिल्लं ठरावीक वयाची झाली की ती काढून, हाताने भरवून विकायची. हेतू विक्रीचाच होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यात झाड तोडावं लागत नसे, मोठी जोडी शाबूत राहायची आणि पुढच्या वर्षी परत तिथेच यायची. बाकी ठिकाणी पिल्लांसाठी ढोली फोडली जाते किंवा झाडच आडवं केलं जातं. त्या मानाने गारोंची रीत शहाणपणाची होती असं माझं मत. आता कायद्याने यातलं काहीच चालत नाही, ते वेगळं.

घरी पाळता येते का?

भारतात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली डोंगरी मैनेला संरक्षण आहे, आणि १९९०-९१ पासून भारतीय रानपक्ष्यांचा व्यापार पूर्णपणे बंद आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळं गुन्ह्यात बसतं. 'आम्ही सोडवून आणली हो, बिचारी बाजारात होती' हे कारण चालत नाही. पैसे देऊन सोडवलेल्या प्रत्येक मैनेच्या जागी दुसरी पकडून आणली जाते.

परदेशात तर उघड पाळतात. मग?

तिथले कायदे वेगळे आहेत, पण मोकळं रान तिथेही नाही. थायलंडने १९९२ मध्ये या मैनेला 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातलं. १९९७ मध्ये ती दुसऱ्या परिशिष्टात गेली, म्हणजे देशाबाहेर न्यायची तर परवाना लागतो. सुटलेल्या किंवा सोडलेल्या मैनांची वस्ती पोर्तो रिको, हाँगकाँग अशा ठिकाणी झालेली आहे.

आणि पाळणाऱ्यांनाही ती सोपी जात नाही. तिचं शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि ते यकृतात साठत जातं. पक्षी धापा टाकायला लागतो, पोट फुगतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. कुत्र्या-मांजरांच्या तयार खाण्यात लोह भरपूर असतं, आणि कित्येक वर्षं लोक मैनांना नेमकं तेच भिजवून घालत होते. रानातल्या फळांवर पोसलेल्या पक्ष्याला हे झेपत नाही.

बस्तरच्या मैनेचं इतकं नाव का?

छत्तीसगडचा तो राज्यपक्षी आहे, आणि तिथल्या लोकांच्या मते माणसाची सगळ्यात साफ नक्कल तीच करते. (डोंगरी मैना मेघालयचाही राज्यपक्षी आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) बस्तरची उपजात व्हिसलर आणि किनियर यांनी १९३३ साली वेगळी नोंदवली. तिचं शास्त्रीय नाव पेनिन्सुलॅरिस. जगदलपूरजवळचं कांगेर खोरं राष्ट्रीय उद्यान, १९८२ साली जाहीर झालेलं, हा तिचा मुख्य आसरा. साल आणि सागाचं रान, चुनखडीच्या गुहा, मध्ये कांगेर नदी.

जगदलपूरला मोठा पिंजरा बांधून तिची पैदास करायचा प्रयत्न झाला, आणि तो वर्षानुवर्षं रखडला. पिंजऱ्यात नर किती आणि मादी किती हेच नक्की कळत नव्हतं. आता उद्यानात भर आहे तो रानातल्याच जोड्या आणि त्यांची ढोलीची झाडं सांभाळण्यावर. आसपासच्या गावातली तरुण मुलं 'मैना मित्र' म्हणून ते काम करतात. ज्या मुलांना ढोली कुठे आहे ते पूर्वी पिल्लं काढण्यासाठी ठाऊक असायचं, त्याच वस्त्यांतली मुलं आज तीच ढोली राखतात. पिंजऱ्याच्या कल्पनेपेक्षा मला ही कितीतरी बरी वाटते.

ती नामशेष होण्याच्या मार्गावर आहे का?

सगळी जात म्हणून नाही. पसारा मोठा असल्यामुळे जागतिक यादीत डोंगरी मैना 'कमी चिंतेच्या' गटात आहे. पण हे वाचून निर्धास्त होऊ नका. पसारा मोठा असणं आणि तुमच्या जंगलात ती असणं या दोन वेगळ्या गोष्टी. थायलंड, इंडोनेशियात पिंजऱ्यांच्या मागणीने मोठमोठी रानं तिच्यावाचून रिकामी झाली. नियास बेटावरची मैना तर गंभीर धोक्यात आहे, आणि त्याला कारण तिचा आवाज.

जखमी मैना किंवा खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर?

जवळच्या वनविभागाला कळवा. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पोळी भरवू नका. आणि त्याच्याशी बोलत बसू नका. हे मी गंभीरपणे सांगतोय. शिकायच्या वयातलं पिल्लू आहे ते.

बघायला कधी जावं, आणि मोबाईलवर आवाज वाजवून बोलावता येईल का?

विणीचा काळ टाळून, थंडी ओसरताना गेलात तर उत्तम. तेव्हा सावर, पांगारा फुललेले असतात आणि पानं गळाल्यामुळे पक्षी दिसतात. आधी फळलेला वड किंवा नांदरूक शोधा, मैना शोधू नका. उजाडायच्या आत त्याखाली जाऊन बसा.

आवाज वाजवू नका. घरट्याजवळ वाजवला तर जोडी बिथरते, पिल्लांचं खाणं खोळंबतं. शिवाय त्याचा उपयोगही फारसा नाही. तुमच्या मोबाईलमधली हाक कुठल्या तरी दूरच्या खोऱ्यातल्या मैनेची असणार. नेल्लियमपथीला आमच्यातल्या एकाने सगळ्यांचं न ऐकता ती वाजवलीच. समोरच्या फांदीवरच्या मैनेने मान तिरकी केली, एकदा या डोळ्याने पाहिलं, एकदा त्या डोळ्याने, आणि परत पिसं साफ करायला लागली. थोड्या वेळाने खालच्या दरीतून कुणीतरी शिट्टी घातली, तेव्हा मात्र ही ताठ झाली आणि तशीच शिट्टी उलट देऊन दरीत उतरली.